परतीच्या बोटीआधीचा मोकळा दिवस

अंदमानच्या सहलीचा हिशोब बहुतेक घरांत विमानाच्या भाड्यापासून सुरू होतो आणि हॉटेलच्या दरापाशी संपतो. मधली बोट कुणी हिशोबात धरतच नाही. ठरवलेला खर्च हाताबाहेर जातो तो तिच्यापाशीच.

विमान उतरते पोर्ट ब्लेअरला. 2024 मध्ये या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले. हॅवलॉक आणि नील ही बेटे 2018 पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप म्हणून ओळखली जातात. तिथे बोलताना अजून जुनीच नावे ऐकू येतात, म्हणून मीही तीच वापरते. ज्या किनाऱ्यांचे फोटो पाहून आपण निघतो ते राधानगर, भरतपूर, लक्ष्मणपूर या दोन बेटांवर आहेत. तिथे जायला बोट लागते. खाजगी बोटीला दीडेक तास, सरकारी बोटीला अडीच तासांपर्यंत. येताना पुन्हा तेवढेच, आणि तेही समुद्राने जाऊ दिले तर.

आम्ही साताऱ्याहून निघालो तेव्हा बरोबर सासूबाई आणि शाळकरी मुलगी होती. सहल एका आयोजकाकडून घेतली होती. त्याने आखलेल्या कार्यक्रमात शेवटच्या दिवशी सकाळी हॅवलॉकहून बोट आणि दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान असे होते. कागदावर मध्ये चांगले तीन तास सुटत होते. आदल्या रात्री वारा सुटला. सकाळी जेट्टीवर पोहोचलो तर बंदराचा माणूस प्रत्येकाला एकच सांगत होता, "आज बोट नहीं जाएगी." सरकारी नाही, खाजगीही नाही. आयोजकाला फोन केला, तर हवामान आमच्या हातात नाही आणि तसे अटींमध्ये लिहिले आहे, एवढेच उत्तर मिळाले. बोटीचे पैसे परत आले. विमानाचे आले नाहीत, कारण विमान तर वेळेवर सुटले होते. ऐन वेळी घेतलेली परतीची तिकिटे मूळ भाड्याच्या कितीतरी पट पडली, आणि स्वस्तातली म्हणून घेतलेली सहल आमच्या ओळखीतल्या सगळ्यांत महाग ठरली.

त्या दिवशी सांभाळले ते गोविंदनगरच्या बाजारामागे खोल्या भाड्याने देणाऱ्या एका बंगाली काकूंनी. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्या या बेटांवर आहेत, त्यांच्यातल्याच त्या. त्यांनी निम्म्या भाड्यात खोली दिली, सासूबाईंना गरम पाणी दिले, आणि रात्री आम्हाला भात-माशांचे कालवण वाढले. त्यांचे म्हणणे साधे होते. इथली माणसे मुख्य भूमीवर दवाखान्याला निघाली तरी हाताशी एक दिवस ठेवून निघतात.

बोटी अशा बंद राहणे क्वचित घडते असेही नाही. डिसेंबर 2016 मध्ये चक्रीवादळाच्या हवेमुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते. त्यांना आणायला नौदलाची जहाजे पाठवावी लागली. वादळ नसले तरी जोराचा वारा बोट थांबवायला पुरतो.

म्हणून क्रम असा लावा. पोर्ट ब्लेअरला उतरलात की शहर बघत बसू नका, मिळेल त्या पहिल्या बोटीने बेटांवर जा. शहर शेवटी ठेवा. परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा, आणि जमले तर त्याच्याही आधीचा दिवस मोकळा सोडा. आयोजकाकडून सहल घेत असाल तर पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: शेवटची बोट आणि विमान यांच्यामध्ये एक रात्र आहे का? नसेल तर कार्यक्रम बदलून घ्या. बदलून देत नसेल तर दुसरा आयोजक बघा. प्रवासविमा घ्यायचा असेल तर बोट रद्द झाल्यामुळे चुकलेले विमान त्यात बसते का, ते पॉलिसीच्या कागदावर वाचून मगच पैसे भरा. तोंडी होकारावर विसंबू नका.

या जादा रात्रीचे पैसे सहज दुसरीकडे वाचतात. सर्वांत मोठी बचत महिना निवडण्यात आहे. दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळपासून नव्या वर्षापर्यंत विमान, खोल्या, बोटी सगळेच चढते, आणि नेमक्या याच दिवसांत अवेळी पाऊस-वाऱ्याची भीती असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र शांत असतो, पाणी नितळ असते. शाळकरी मुले असतील तर परीक्षा संपल्यावरचा एप्रिल घ्या. उकाडा असतो, पण बोटी चालतात. पावसाळ्यात दर पडतात खरे, पण तिथे वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस होतो. पडलेल्या दराला भुलून जून-जुलैत जाऊ नका.

दुसरी बचत सरकारी बोटीत आहे. तिचे भाडे खाजगी बोटीच्या मानाने फारच कमी. स्थानिक लोकांची गरज आधी भागवली जाते, आणि ते योग्यच आहे, म्हणून तिकीट लवकर बघावे लागते. चेन्नई आणि कोलकात्याहून जहाजही जाते, पण त्याला तीनेक दिवस लागतात आणि ते महिन्यातून मोजक्याच वेळा सुटते. चार दिवसांची रजा असलेल्याने त्या वाटेला जाऊ नये.

हॅवलॉकवर जेट्टीपासून राधानगर बारा किलोमीटर आहे. टॅक्सीवाला दर वेळी जाण्या-येण्याचे घेतो, म्हणून बस नाहीतर दिवसभराची स्कूटर परवडते. मात्र सूर्य लवकर बुडतो हे ध्यानात असू द्या. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, घड्याळ मात्र सगळ्या देशाचे एकच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. दुपारी जेवून, वामकुक्षी करून निघालेल्या माणसाला किनाऱ्यावर अंधारच भेटतो. पहाटे उठा, पोहणे सकाळी उरका.

खोली घेताना किनारा कोणत्या बाजूचा, ते विचारा. विजयनगरसारख्या पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी दूरवर मागे जाते आणि खडक, प्रवाळ उघडे पडतात. "समुद्राला लागून खोली" म्हणून जास्त पैसे द्याल आणि निम्मा दिवस पोहायला पाणीच नसेल. यासाठी आपली तिथी कामाला येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा ओहोटीही खोल जाते. नीलवरचा दगडी पूल बघायला हेच दिवस उत्तम. भरतपूरला पोहायचे असेल तर मात्र भरतीची वेळ गाठा.

काही ठिकाणी पैसे वाचवूच नयेत. पाण्याखाली जायचे असेल तर प्रशिक्षक कोण, तो एका वेळी किती जणांना नेतो, दम्याची चौकशी करतो का, हे पाहून ठरवा. दरात घासाघीस करत बसू नका. अंदमानच्या पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये राधानगरजवळ एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. जीवरक्षक असलेल्या, पोहण्यासाठी राखलेल्या भागाबाहेर पाण्यात उतरू नका आणि मुलांना शिंपले-प्रवाळ पिशवीत भरू देऊ नका. ते बेकायदा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. बाराटांगच्या गुहा कार्यक्रमात असतील तर त्या वगळा, असे मी आग्रहाने सांगेन. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. माणसे बघायला गाड्यांचा ताफा निघावा, हे मला सहन होत नाही.

मोकळ्या ठेवलेल्या त्या दिवशी समुद्र शांत असेल तर पोर्ट ब्लेअरचा सेल्युलर जेल सावकाश पाहा. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आता तीनच उरल्या आहेत. धावत्या सहलीत तो तासाभरात आटोपतात, आणि मराठी माणसाला तेवढा वेळ पुरत नाही. 1911 मध्ये सावरकर इथे आले तेव्हा त्यांचे थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते. सासूबाईंना सावरकरांची कोठडी पाहायची होती, पण जिने चढायला त्यांना वेळ लागला. घरात ज्येष्ठ असतील तर सकाळी उन्हाआधी जा, आणि संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाची तिकिटे त्याच फेरीत काढून ठेवा.