कोश, संगणक आणि ग्रंथालय : विद्यापीठीय डिजिटल प्रकल्पांच्या नेतृत्वाचा विचार

मराठीच्या अभ्यासकाला आज मोल्सवर्थचा कोश पाहावयाचा असेल, तर तो ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात जातोच असे नाही. बहुधा तो संगणकावर शब्द टंकित करतो आणि क्षणात नोंद मिळवतो. ही सोय शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी निगडित असलेल्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’ या प्रकल्पामुळे उपलब्ध झाली. सोय इतकी सहज आहे की तिच्यामागे काही निर्णय आहेत, याचाच विसर पडतो. कोणता कोश घ्यावा, त्याची कोणती आवृत्ती घ्यावी, जुने लेखन तसेच ठेवावे की बदलावे, पृष्ठांक राखावेत की गाळावेत, हे निर्णय कोणी तरी घेतलेले असतात. हे निर्णय यंत्र घेत नाही. ते पाठचिकित्सेच्या क्षेत्रातील निर्णय आहेत. विद्यापीठीय ग्रंथालयातील डिजिटल प्रकल्पाचे नेतृत्व म्हणजे मुख्यतः या निर्णयांची जबाबदारी स्वीकारणे होय, आणि त्या जबाबदारीत भाषा-साहित्य विभागाचा वाटा अटळ आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. संग्रहाकडून प्रकल्पाकडे

शिकागोच्या प्रकल्पाचा उगम संगणकात नाही, ग्रंथसंग्रहात आहे. अमेरिकेच्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्याखाली १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके अमेरिकन विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे नियमितपणे जाऊ लागली. शिकागो येथील दक्षिण आशियाई संग्रहाची जोपासना मॉरीन पॅटरसन यांनी केली. त्या केवळ ग्रंथपाल नव्हत्या. महाराष्ट्रातील चित्पावन घराण्यांच्या त्या अभ्यासक होत्या आणि १९८१ मध्ये त्यांची दक्षिण आशियाविषयक बृहद् ग्रंथसूची प्रसिद्ध झाली. पुढे जेम्स नाय यांनी ही जबाबदारी सांभाळली. ग्रंथपाल हा स्वतः त्या विषयाचा जाणकार असावा, ही परंपरा तेथे आधीपासून होती. डिजिटल कार्याला तिचाच आधार मिळाला.

या परंपरेतील एक निर्णय विशेष लक्षणीय आहे. रोजा मुथैया चेट्टियार यांचा तमिळ ग्रंथांचा व नियतकालिकांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर शिकागो विद्यापीठाने १९९४ मध्ये विकत घेतला. पण तो अमेरिकेला नेला नाही. तो भारतातच, चेन्नई येथे, ठेवून त्याचे जतन, सूचीकरण आणि सूक्ष्मपटग्रहण करण्याची व्यवस्था केली गेली. ग्रंथ जेथील, तेथेच राहावेत आणि त्यांच्या प्रतिमा सर्वत्र जाव्यात, हे तत्त्व त्यातून सिद्ध झाले. डिजिटल साधने सार्वत्रिक होण्यापूर्वीचा हा निर्णय आहे. यावरून हेही दिसते की अशा कार्याचे नेतृत्व करणाऱ्याला तंत्रापूर्वी तत्त्व ठरवावे लागते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून शिकागो विद्यापीठ आणि सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज यांच्या सहकार्याने दक्षिण आशियाई भाषांचे कोश संगणकावर येऊ लागले. मराठीचे पाच कोश त्यांत आहेत : मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७), वझे यांचा शालेय कोश (१९११), दाते-कर्वे प्रभृतींचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–१९५०), मॅक्सीन बर्नसन यांचा मूलभूत मराठी-इंग्रजी कोश (१९८२–८३) आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९). हे पाच कोश शेजारी शेजारी ठेवल्याने एक नवीन शक्यता निर्माण झाली. यादवकालीन गद्यापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील भाषेपर्यंत एखाद्या शब्दाचा प्रवास एकाच बैठकीत पाहता येऊ लागला. एकेका कोशापेक्षा कोशांच्या या समूहाचे मोल अधिक आहे, आणि असा समूह सिद्ध होणे हे निवडीचेच फलित असते.

२. आवृत्तीचा प्रश्न

मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये निघाली. जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंचे व अनेक शास्त्री-पंडितांचे साहाय्य तिला लाभले होते. दुसरी, सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ ची आहे आणि महाजालावरील पाठ हा या दुसऱ्या आवृत्तीचा आहे. दोन आवृत्त्यांमध्ये २६ वर्षांचे अंतर आहे. ही वर्षे सामान्य नाहीत. १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू झाले, शाळांचा व क्रमिक पुस्तकांचा विस्तार झाला, १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. अव्वल इंग्रजी कालखंडातील मराठी गद्याची घडण याच काळात झाली.

म्हणून एखादा शब्द ‘मोल्सवर्थमध्ये आहे’ एवढे विधान संशोधनात पुरेसे नाही. तो १८५७ मध्ये आहे, एवढेच संगणकावरील नोंद सांगते. तो १८३१ मध्येही होता काय, त्याचा अर्थ तेव्हा तोच दिला होता काय, हे पाहण्यासाठी पहिल्या आवृत्तीची मुद्रित प्रत वा तिची प्रतिमा हाती घ्यावी लागते. दर्पणपूर्व काळात विशिष्ट शब्द रूढ होता, असा निष्कर्ष केवळ महाजालावरील नोंदीवरून काढला तर तो निराधार ठरेल. येथे दोष प्रकल्पाकडे जात नाही, कारण प्रकल्पाने आपली आवृत्ती स्पष्टपणे नोंदविलेली आहे. ती नोंद न वाचता शब्द उचलणारा अभ्यासक दोषी ठरतो. मात्र यातून नेतृत्वाचे पहिले कर्तव्य निश्चित होते. पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला, हे प्रकल्पाने वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे, आणि शिक्षकाने ते वाचण्याची सवय विद्यार्थ्याला लावली पाहिजे.

३. लेखन, लिप्यंतर आणि शोध

दुसरा प्रश्न लेखनाचा आहे. मोल्सवर्थच्या काळी अनुच्चारित अनुस्वार लिहिण्याची पद्धत होती. ‘करणें’, ‘गांव’, ‘पांच’, ‘डोकें’ ही त्या काळची रूपे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी हे अनुस्वार वगळले. नव्या नियमांत वाढलेला विद्यार्थी ‘करणे’ असे टंकित करील. शब्द जसाच्या तसा जुळवावयाचा असा आदेश यंत्राला दिलेला असेल, तर ‘करणें’ ही नोंद त्याला सापडणार नाही, आणि शब्द कोशात नाही असा चुकीचा निष्कर्ष तो काढील. हा दोष टाळण्याचे दोन मार्ग आहेत. मूळ लेखन बदलून टाकणे हा एक; मूळ लेखन अबाधित ठेवून शोधापुरती आधुनिक रूपे त्याला जोडणे हा दुसरा. पहिला मार्ग सोपा आहे, परंतु त्याने ऐतिहासिक पुरावाच नष्ट होतो. दुसरा मार्ग कष्टाचा आहे आणि तोच शास्त्रशुद्ध आहे. अनुस्वार कोठे व्याकरणिक आहे आणि कोठे केवळ रूढीचा आहे, हे सांगण्यासाठी मराठीचा अभ्यासक लागतो. संगणकतज्ज्ञ ते एकट्याने ठरवू शकत नाही.

असाच एक सूक्ष्म प्रश्न ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेदाचा आहे. मराठीत हा भेद अर्थभेदक आहे. युनिकोड या संकेतप्रणालीत ‘ऱ्य’ हे जोडाक्षर दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येते. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राला ती भिन्न वाटतात. प्रकल्पाच्या आरंभी एकच संकेतक्रम निश्चित केला नाही, तर अर्धे शब्द शोधातून निसटतात, आणि हे निसटणे कोणाच्या लक्षातही येत नाही.

शिकागोच्या पाठात देवनागरी शीर्षशब्दासोबत रोमन लिप्यंतर दिलेले असते. ते लिपीनुसार आहे, उच्चारानुसार नाही. ‘घर’ या शब्दाच्या लिप्यंतरात अंत्य अकारही येतो, जरी मराठी उच्चारात तो लुप्त असतो. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतील तालव्य व दंततालव्य ‘च’ यांचा भेद देवनागरी लेखनात दिसत नाही. म्हणून लिपीनुसारी लिप्यंतरातही तो उमटत नाही. लिप्यंतराचा हा नियम सुसंगत आहे, परंतु तो ध्वनिविचाराचा पुरावा मानता येणार नाही. साधनाचा उपयोग कोणत्या प्रश्नासाठी करावयाचा आणि कोणत्यासाठी नाही, याचा विवेक येथे आवश्यक ठरतो.

याउलट दोन गोष्टींचा विशेष गौरव केला पाहिजे. एक, प्रत्येक नोंदीला मुद्रित ग्रंथाचा पृष्ठांक जोडलेला आहे. त्यामुळे अवतरण ताडून पाहता येते. दोन, शीर्षशब्दांप्रमाणेच संपूर्ण मजकुरातही शोध घेता येतो. मोल्सवर्थने शब्दांच्या मूळ भाषा खुणांनी दर्शविल्या आहेत आणि शेती, धान्य, जमीनमहसूल, व्यवसाय यांची विपुल माहिती अर्थविवरणात दिली आहे. मुद्रित कोशात अर्थाकडून शब्दाकडे जाता येत नव्हते. आता नांगराच्या वा मोटेच्या अंगोपांगांची नावे विवरणातील इंग्रजी शब्दावरून एकत्र करता येतात. कोशाचे हे नवे वाचन बोलीअभ्यासाला आणि ग्रामीण साहित्याच्या अभ्यासाला उपकारक आहे.

४. श्रेय, हक्क आणि सातत्य

प्रकल्प उभा करण्यापेक्षा तो टिकविणे अवघड असते. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९२ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक टेक्स्ट सेंटर’ सुरू केले. डेव्हिड सीमन हे त्याचे पहिले संचालक. साहित्यकृतींचे संहितांकन करणारे ते एक अग्रणी केंद्र होते. २००६ मध्ये तेथे ‘स्कॉलर्स लॅब’ ही नवी रचना आली आणि लवकरच जुने केंद्र स्वतंत्र रूपाने उरले नाही. केंद्राचे नाव संपले तरी संहितांचे जतन करावयाचेच असते. ते शक्य व्हावे म्हणून संहिता एखाद्या कंपनीच्या बंदिस्त स्वरूपात न ठेवता सर्वमान्य संकेतांनुसार सिद्ध कराव्या लागतात. १९८७ मध्ये आरंभ झालेल्या ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ या उपक्रमाचे महत्त्व येथे आहे. ओळ, कडवे, पाठभेद, संपादकाची दुरुस्ती यांना स्वतंत्र खुणा देण्याची पद्धत त्याने घालून दिली. यंत्रे बदलली तरी अशा खुणा वाचता येतात.

व्हर्जिनियाच्याच स्कॉलर्स लॅबने २०११ पासून ‘प्रॅक्सिस’ हा अभ्यासक्रम चालविला. निरनिराळ्या विषयांचे पदव्युत्तर विद्यार्थी त्यात एकत्र काम करतात आणि आरंभीच आपसातील एक लेखी सनद तयार करतात. कामाची वाटणी, श्रेयाचे नियम, मतभेद झाल्यास निर्णयाची रीत, हे सारे तिच्यात येते. आपल्याकडील सामूहिक कामांत संपादकाचे नाव राहते आणि मुद्रिते तपासणाऱ्याचे पुसले जाते. डिजिटल पाठाची विश्वसनीयता मात्र तपासणाऱ्यावरच सर्वाधिक अवलंबून असते. म्हणून श्रेयनोंद हा सौजन्याचा नव्हे, प्रामाण्याचा प्रश्न आहे.

हक्कांचा प्रश्नही नेतृत्वाच्याच कक्षेत येतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साधारणपणे ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. मोल्सवर्थच्या पाठाला ही अडचण नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ग्रंथांना आहे. परवानगीचा पत्रव्यवहार हा प्रकल्पाचा गौण भाग समजला गेला, तर तयार झालेले काम प्रसिद्ध करता येत नाही.

५. भारतीय विद्यापीठांपुढील मार्ग

असे कार्य केवळ परदेशी विद्यापीठांनाच साधते, हा समज जादवपूर विद्यापीठाने खोटा ठरविला आहे. तेथील ‘स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्स’ने सुकांत चौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली २०१३ मध्ये ‘बिचित्रा’ हे रवींद्रनाथांच्या साहित्याचे संकेतस्थळ सिद्ध केले. हस्तलिखितांची सुमारे ४७ हजार आणि मुद्रित ग्रंथ व नियतकालिकांची सुमारे ९१ हजार पृष्ठे त्यावर प्रतिमारूपाने आहेत. भिन्न पाठांची तुलना करणारी ‘प्रभेद’ ही आज्ञावली बंगालीसाठी तेथेच तयार झाली. साहित्याचे अध्यापक, ग्रंथसंग्राहक आणि संगणकतज्ज्ञ यांनी एका प्रश्नावर एकत्र येणे, हे तिचे वैशिष्ट्य आहे. पाठभेद म्हणजे काय, हे साहित्याच्या अभ्यासकाने सांगितले. ते यंत्राला कसे ओळखता येतील, हे तंत्रज्ञाने ठरविले.

मराठीला पाठचिकित्सेची मोठी परंपरा आहे. वि. का. राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथीचे संपादन केले. महानुभाव वाङ्मयाच्या सांकेतिक लिप्या उलगडल्या गेल्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. प्रतींची वंशावळ, लेखकप्रमाद, प्रक्षेप या संकल्पना आपल्या अभ्यासक्रमात आहेत. डिजिटल प्रकल्पाला हव्या असलेल्या संकल्पना याच आहेत. उणीव आहे ती ग्रंथालय आणि विभाग यांच्यातील नित्य व्यवहाराची. ग्रंथालय प्रतिमा तयार करते, विभाग प्रबंध तयार करतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. निव्वळ प्रतिमा म्हणजे संहिता नव्हे. ती वाचून, ताडून, खुणा करून, दोष नोंदवूनच संहिता सिद्ध होते.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. एका महाविद्यालयीन ग्रंथालयाने आपल्याकडील एकोणिसाव्या शतकातील एखादे दुर्मीळ पुस्तक निवडावे. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पलेखनाचा भाग म्हणून त्याचा पाठ टंकित करावा. दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे केलेले टंकन ताडून पाहावे. मूळ लेखन, पृष्ठांक आणि आवृत्ती नोंदवावी. शंकास्थळांची यादी जोडावी. प्रत्येकाचे नाव त्याच्या कामासह द्यावे. शंभर पृष्ठांचा असा विश्वसनीय पाठ हजारो पृष्ठांच्या न तपासलेल्या संग्रहापेक्षा संशोधनाला अधिक उपयोगी आहे. ग्रंथपालाने जतनाची, अध्यापकाने पाठाची आणि तंत्रज्ञाने शोधाची जबाबदारी लेखी स्वीकारली, तर प्रकल्पाचे नेतृत्व एका व्यक्तीच्या उत्साहावर अवलंबून राहत नाही. त्या व्यक्तीच्या निवृत्तीनंतरही काम चालू राहते.