पाइप वाकविण्याचे यंत्र : विकत घ्यावे की घरी बनवावे?

कापडाच्या गादीवर बसणाऱ्यांनी लोखंडाविषयी का लिहावे, असे काही वाचक बंधू म्हणतील. कारण साधे आहे. कपडे टांगण्याचे स्टँड आम्हालाच लागतात आणि ते घरच्या घरी बनवून देणारे आपल्यातले नौजवान सल्ल्यासाठी आमच्याकडे येतात. त्यांच्यापैकी एक आमचा भाचाच. त्याने बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातून हायड्रॉलिक पाइप बेंडर घेतला, चाळीस स्टँडची ऑर्डर धरली आणि पहिल्याच दिवशी सहा नळ्या पिचकावल्या. "मामू, मशीनच खराब निघाली," म्हणत तो आला. मशीन खराब नव्हती. चूक मापाची होती, आणि ही चूक बरेच जण करतात म्हणून हा लेख.

आपल्या धंद्यात ४४ पन्ना म्हटले की पन्ना तेवढाच मोजायचा. पाइपात तसे नाही. पाण्याचा 'एक इंची' पाइप हा आतल्या पोकळीच्या नाममात्र मापाने ओळखला जातो. त्याचा बाहेरचा व्यास ३३.७ मि.मी. भरतो. फर्निचरची 'एक इंची' नळी मात्र बाहेरून मोजतात, ती २५.४ मि.मी. असते. नाव एक, फरक आठ मि.मी.हून जास्त. बाजारातल्या हायड्रॉलिक बेंडरसोबत जे अर्धगोल साचे, म्हणजे फॉर्मर मिळतात, ते बहुधा पाण्याच्या पाइपाच्या मापाचे असतात. त्यात फर्निचरची नळी सैल बसते. मधून जॅक ढकलतो, दोन टोकांना आधार असतो आणि बाजूने नळीला कोणीच धरत नाही. मग ती चपटी होणार नाही तर काय होईल? भाच्याला विकणाऱ्याने हे सांगितले नाही. भाच्यानेही विचारले नाही.

वाकताना नळीत काय होते ते समजून घ्यावे. बाहेरची बाजू ताणली जाऊन पातळ होते, आतली दबून तिला चुण्या पडतात. मधली रेषा जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून जोडाची शिवण नेहमी बाजूला, मधल्या रेषेवर ठेवावी. बाहेर ठेवली तर उसवू शकते. वळणाची त्रिज्या मध्यरेषेपर्यंत मोजावी आणि ती नळीच्या व्यासाच्या निदान तिप्पट धरावी. २५.४ मि.मी. नळीला ती ७६ मि.मी. होते, आम्ही ९० सुचवतो. ही गोष्ट १६ गेजच्या, म्हणजे सुमारे १.६ मि.मी. जाडीच्या नळीची. १८ गेज (१.२ मि.मी.) असेल तर त्रिज्या आणखी वाढवावी, नाहीतर कोरडी वाळू ठोकून ठोकून भरावी आणि दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या माराव्या. ओली वाळू भरून नळी तापवू नये. वाफेने खुंटी गोळीसारखी उडते. गॅल्व्हनाइज्ड पाइप तर तापवूच नये, जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

गेजच्या बाबतीत फसवणूकही फार चालते. दुकानदार १६ म्हणून १८ देतो आणि डोळ्याला कळत नाही. काट्याला मात्र कळते. एक इंची नळीची ६ मीटरची कांडी १६ गेजमध्ये सुमारे ५.६ किलो भरते, १८ गेजमध्ये सुमारे ४.३ किलो. पाव किलो इकडेतिकडे चालेल. सव्वा किलोची तूट म्हणजे दुसराच माल. मापात घट करणाऱ्यांविषयी कुरआन शरीफात काय आले आहे, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. पण तोलून न घेणारा गिऱ्हाईकही थोडा दोषी असतोच.

आता घरी बनविण्याबद्दल. एकाच मापाची नळी आणि एकच त्रिज्या असेल तर घरचे यंत्र उत्तम. लेथवाल्याकडून लोखंडी चाक करून घ्यावे. त्याच्या कडेला १२.७ मि.मी. त्रिज्येची खोबण, खोबणीच्या तळापर्यंत नव्हे तर मध्यापर्यंत ९० मि.मी. नळीचे टोक पकडायला एक हूक आणि चार-पाच फुटी दांडा. दांड्यावर रोलरऐवजी तशाच खोबणीचा लांब ठोकळा बसवावा, ग्रीस लावून. रोलर एकाच बिंदूवर दाबतो, ठोकळा नळीला बाजूंनी धरून ठेवतो. बैठक काँक्रीटमध्ये बोल्टने आवळावी, नाहीतर नळीऐवजी टेबलच फिरते. चार-सहाच वळणे हवी असतील तर कठीण लाकडाचे चाकही चालते. नळी सोडल्यावर दोन-तीन अंश परत फिरते, म्हणून तुकड्यावर चाचणी घेऊन दांड्याला तेवढी पुढे खूण करावी. स्टेनलेस जास्त परत येते.

कापण्याचा हिशेब आमच्या आवडीचा. स्टँड १५०० उंच, ४५० रुंद, दोन काटकोनी वळणे. कोपऱ्याने मोजले तर ३४५० मि.मी. लागतील असे वाटते. पण ९० त्रिज्येचे एक वळण १४१ मि.मी. खाते, म्हणजे दोन सरळ बाजू १४१० च्या, वरची २७० आणि दोन वळणांचे २८३, एकूण ३३७३. सहा मीटरच्या कांडीत एकच बसतो. उंची १३०० केली तर २९७३ लागतात आणि एका कांडीत दोन निघतात! कुर्ते-शर्टला तेवढी उंची पुरते. बुरख्याच्या दुकानाला १५०० च हवी. तिथे उरलेल्या तुकड्याचे पाय करावेत.

यंत्र विकत घेण्याआधी दोन महिने दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये दर वळणाने पैसे देऊन काम करावे आणि वळणे वहीत मोजावी. समजा महिन्याला शंभर वळणे होतात, तर मजुरीत किती वाचेल आणि यंत्राची किंमत किती महिन्यांत सुटेल, हे दिसेल. ते दिसल्यावरही सुदाचे कर्ज काढू नये. दोघा-तिघांनी शिरकत करावी, किंवा नातलगाकडून कर्ज-ए-हसना घेऊन मुदत लिहून द्यावी. लग्नाच्या पैशाला हात लावू नये, त्याची तारीख ठरलेली असते.

भाच्याचे मशीन आम्ही विकू दिले नाही. पाण्याच्या पाइपाचे जिन्याचे कठडे त्यावर सरळ होतात; निळ्या पट्ट्याचा मध्यम पाइप घेतला की वळण नीट येते. स्टँडसाठी त्याने लेथवाल्याकडून चाक करून घेतले. चाळीसपैकी एकतीस स्टँड गेले आहेत, बाकीचे या आठवड्यात द्यायचे आहेत, आणि निकाह ईदनंतर आहे.