माणसांचा आधार आकड्यांत कसा मोजतात?

प्रश्न : माझा पुतण्या परभणीत प्राध्यापक आहे. ‘प्राध्यापकांना मिळणारा सामाजिक आधार’ या विषयावरची प्रश्नावली त्याने भरली. आधार कसा मोजणार? ओळखीची माणसे मोजतात का? (एक वाचक, सेलू)

उत्तर : शंका रास्त आहे. आधार म्हणजे काही काट्यावर घालायचा कापूस नव्हे. आणि माणसे मोजून तर तो मुळीच कळत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात दूरच्या जिल्ह्यातून आलेल्या प्राध्यापकाच्या फोनमध्ये पाचशे नंबर असतील. पण मध्यरात्री मूल तापाने फणफणले, तर त्यातल्या कोणाला उठवता येईल? संशोधक मोजतात तो हा भरवसा.

त्यासाठी १९८८ साली झिमेट आणि सहकाऱ्यांनी मांडलेली मापनश्रेणी बरीच वापरली जाते. तीत बारा विधाने असतात : चार घरच्यांबद्दल, चार मित्रांबद्दल, चार जवळच्या एखाद्या खास व्यक्तीबद्दल. प्रत्येकाला सहमतीनुसार १ ते ७ गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. मात्र एकट्या सरासरीवर विसंबू नये. घर ७, खास व्यक्ती ७, मित्र १ असे गुण असोत किंवा तिन्हीकडे ५, सरासरी ५च येते!

या श्रेणीत सहकारी आणि विभागप्रमुख यांचा वेगळा विचार नाही. म्हणून नोकरीतल्या आधाराचे प्रश्न निराळे विचारावे लागतात. जेम्स हाउस यांनी १९८१ मध्ये आधाराचे चार प्रकार सांगितले : धीर, प्रत्यक्ष मदत, सल्ला आणि कामाची पावती.

इथे एक मेख आहे. रजेच्या दिवशी सहकाऱ्याने आपला तास घेतला, तर कायम प्राध्यापकाला ती मदत वाटते. जिंतूर-गंगाखेडकडच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचे मात्र त्या तासाचे मानधनच जाते. म्हणून दोघांचे गुण एकत्र मिसळले तर निष्कर्ष फसतो.

शिवाय भरलेला अर्ज प्राचार्यांच्या टेबलावरून जाणार असेल, तर सगळेच ‘पूर्ण सहमत’! त्यामुळे नाव न विचारणे बरे.

कमी गुण पडले म्हणजे माणूस माणूसघाणा, असेही नाही. बदली नुकतीच झाली असेल, घरचे गावाकडे राहत असतील. गुण सांगतात ती त्या माणसाची आजची परिस्थिती, त्याचा स्वभाव नव्हे.