कथा चित्रपटाला देण्यापूर्वी

नरहर कुरुंदकर यांच्या आडनावामुळे मराठी समीक्षेत पोहोचलेल्या कुरुंदा (जि. हिंगोली) या गावाच्या परिसरात लिहिणाऱ्यांनी माध्यमांतराचा, म्हणजे एका माध्यमातील कृती दुसऱ्या माध्यमात नेण्याचा, विचार त्यांच्यापासूनच सुरू करावा, कारण रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'ला लिहिलेल्या पत्ररूप प्रस्तावनेत त्यांनी इतिहासातील शिवाजी महाराज कादंबरीत कसे यावेत, या मूलभूत प्रश्नाला हात घातला होता.

चित्रपटात बदल अटळ असतो. 'सिंहासन' (१९७९) या चित्रपटासाठी विजय तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांची एक पटकथा केली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त माणदेशातील धनगरवस्ती तरुण शिक्षकाच्या प्रथमपुरुषी निवेदनातून, म्हणजे त्याच्याच तोंडून, उलगडते. अमोल पालेकरांच्या १९९५ च्या चित्रपटात मात्र कॅमेरा त्या शिक्षकालाही बाहेरून पाहतो आणि निवेदक हा इतर पात्रांपैकी एक होतो. असा बदल म्हणजे मूळ कृतीचा अपमान नव्हे, हे लेखकाने आधीच स्वीकारलेले बरे.

खरा धोका अन्यत्र आहे. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेले बहुतेक वाद कथेतील फेरफारांतून नव्हे, तर विश्वासाने तोंडी ऐकवलेल्या कथेतून उद्भवले, आणि तेथे कायदा फारसा मदतीला येत नाही. 'हम हिंदुस्थानी' या नाटकाच्या लेखकाने 'न्यू दिल्ली' (१९५६) या चित्रपटाविरुद्ध लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केले की कल्पना वा विषय यांवर स्वामित्वहक्क नसतो, तो त्यांच्या विशिष्ट मांडणीवर असतो. नाटककार तो खटला हरला.

म्हणून कथा आधी पूर्ण लिहावी, दिनांकासह ईमेलने पाठवावी आणि मगच चर्चेला बसावे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षे धरली जाते, आणि करारात वेगळे ठरले नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क संपुष्टात येतो. लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधक ठरणाऱ्या विकृतीविरुद्ध दाद मागण्याची सोय कलम ५७ मध्ये आहे, आणि हक्क विकल्यानंतरही ती लेखकाकडेच राहते. होतकरू लेखकांनी संकोच न करता करार मराठीत मागावा, जाणकार वकिलाकडून तो वाचून घ्यावा, आणि तोवर सही करू नये.