शेलाह लेखा : दहा हेर आणि दहावा माणूस



या शब्बाथचा पाराशा शेलाह लेखा, म्हणजे गणना, अध्याय 13 ते 15. गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून पटकन सांगतो. कनान देश बघून यायला मोशे राबेनू बारा जणांना पाठवतात, प्रत्येक वंशातला एक. 40 दिवसांनी ते परत येतात. सोबत दोघांनी दांडीवर उचलून आणलेला द्राक्षांचा घड, डाळिंबं, अंजिरं. देश सुपीक आहे यावर सगळ्यांचं एकमत. पण दहा जण म्हणतात, तिथली माणसं दांडगी, शहरांना तटबंदी, आपल्याच्याने हे व्हायचं नाही. होईल म्हणणारे दोघंच, कालेब आणि यहोशवा. लोक रात्रभर रडतात. शिक्षा ठरते ती एका दिवसाला एक वर्ष या हिशेबाने : 40 वर्षं रानात.

मला हा निकाल फार वर्षं खटकायचा. त्या दहा जणांनी खोटं काय सांगितलं? जा, बघा आणि कळवा, असं काम दिलं होतं. त्यांनी बघितलं आणि कळवलं. आमच्या ऑफिसात असा रिपोर्ट दिला असता तर मॅनेजरने शाबासकी दिली असती. रामबान (हो, या भाष्यकाराचं नाव असंच आहे, 13व्या शतकातला स्पेनमधला मोठा माणूस) यावर एका शब्दापाशी थांबतो. हेर देशाचं कौतुक करतात आणि मग 'एफेस' असा शब्द वापरतात. 'पण' किंवा 'तरीसुद्धा' असा त्याचा अर्थ. माहितीत चूक नाही, त्या 'पण'मध्ये आहे. विचारलं होतं देश कसा आहे. त्यांनी न विचारलेलं उत्तर दिलं, की आपण कसे आहोत.

13व्या अध्यायाच्या शेवटी तर ते स्वतःला टोळ म्हणतात. स्वतःच्या नजरेत आम्ही टोळाएवढे होतो आणि त्यांच्याही नजरेत तसेच, असा त्याचा आशय. पोलंडमधल्या कोत्स्कचे राब्बी मेनाहेम मेंडेल यांचं यावरचं म्हणणं सांगतात : पहिलं वाक्य एक वेळ समजू शकतो, पण समोरच्याच्या नजरेत तुम्ही कसे दिसता, ही चौकशी तुम्हाला कोणी सांगितली होती? आपल्यातल्या कितीतरी जणांचा दिवस याच चौकशीत जातो. माझा तर नक्की जातो.

आता जे खरं सांगायचं आहे तिकडे येतो.

मिनयानला दहा माणसं लागतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पण दहाच का? मला वाटायचं, अव्राहामने सदोमसाठी देवाशी घासाघीस केली, पन्नासपासून दहा नीतिमान माणसांपर्यंत खाली आला, तिथून हा आकडा आला असणार. तालमूदमध्ये, मेगिल्ला 23ब वर, वेगळंच निघालं. तिथे आधी देवाचं नाव लोकांच्या 'मध्ये' पवित्र मानलं जावं हे लेवीय 22 मधलं वचन घेतात. त्यातल्या 'मध्ये' या शब्दावरून कोरहच्या बंडातल्या 'मंडळीमध्ये'कडे जातात, आणि 'मंडळी' या शब्दावरून आपल्या पाराशाच्या 14व्या अध्यायात येतात. (प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी पॉइंटर समजावेत. एक शब्द दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे.) तिथे देव चिडून विचारतो की या दुष्ट मंडळीला मी किती दिवस सहन करू. ही मंडळी म्हणजे कोण? बारा वजा यहोशवा आणि कालेब. दहा.

म्हणजे पवित्र प्रार्थनेला किती माणसं लागतात हे आपण त्याच दहा जणांकडून शिकलो, ज्यांनी अख्खी पिढी रानात अडकवली! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा पान तपासलं. सदोमचे दहा नीतिमान तर सापडलेच नव्हते. हे दहा खरोखर होते, चुकलेले होते, आणि तरीही एकत्र असल्यामुळे 'मंडळी' होते. नऊ मोठे विद्वान बसले असतील तर कद्दिश म्हणता येत नाही. अलेफ-बेथही धड न येणारे दहा आले तर येतो. (माझ्या बहिणीचा इथे आक्षेप असतो, की फोन करून माणसं ती जमवते आणि मोजणीत ती नाही. रिफॉर्म परंपरेत स्त्रियाही मोजतात, आपल्याकडे नाही. तिला द्यायला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.)

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी सकाळी पावणेसातला गब्बाय काकांचा फोन आला. "नऊ झालेत रे, येतोस का?" मी म्हटलं, काका, रिलीज चालू आहे, उठता येणार नाही. रिलीज रात्री दोनलाच संपलं होतं. मी अंथरुणात होतो. शिवाय मनात एक वाक्य तयार होतं : माझं हिब्रू वाचन तसंही अडखळत असतं, मी गेल्याने न गेल्याने काय मोठा फरक पडतो? टोळच तो.

त्या दिवशी आमच्यातले एक वयस्कर अंकल बायकोच्या वर्षश्राद्धाचं कद्दिश म्हणायला आले होते. सगळे आठपर्यंत थांबले. मग ज्याला त्याला कामावर जायचं होतं. अंकल कद्दिश न म्हणता घरी गेले. हे मला शब्बाथला दुसऱ्याकडून कळलं. अंकल स्वतः भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "काम झालं का रे तुझं नीट?" मी हो म्हटलं.

आपली संख्या किती उरली आहे ते तुम्हाला माहीत आहे. 1948 नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली. माझी आजी सिनेगॉगला जुन्या सवयीने 'मशीद' म्हणायची आणि सांगायची की सणाला तिथे उभं राहायला जागा नसायची. आता सोमवार-गुरुवारी तोरा उघडायची असेल तर आदल्या रात्रीपासून फोनाफोनी करावी लागते. अशा ठिकाणी एक माणूस म्हणजे दहा टक्के नाही. तो आला तर शंभर, नाही आला तर शून्य.

मागच्या पावसाळ्यात पपा गेले. शिवाचे सात दिवस घरीच मिनयान होता. तिसऱ्या दिवशी पावसाने गाड्या बंद, आणि आम्ही नऊ. माणसांना आकड्यांनी मोजायचं नाही म्हणून 28व्या स्तोत्रातल्या दहा शब्दांच्या वचनाने मोजतात, हे तुम्ही पाहिलं असेल. गब्बाय काकांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा शेवटचा शब्द उरला. अर्ध्या तासाने शेजारच्या इमारतीतला मुलगा आला. बार मित्स्वा होऊन चार महिने झालेला, पाठीला शाळेचं दप्तर, पायांत ओले बूट. त्याला आईने पाठवलं होतं आणि ते तोंडावर दिसत होतं. सिद्दूर उलटा धरला होता त्याने. आमेन एक क्षण उशिरा म्हणत होता. पण शेवटचा शब्द त्याच्यावर आला, आणि मी उभा राहून पपांचं कद्दिश म्हटलं.

कद्दिशमध्ये मृत्यूचा उल्लेख कुठेच नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. अरामी भाषेतली देवाची स्तुती आहे ती, आणि उत्तर द्यायला समोर लोक लागतात. एकट्याने म्हणायची सोयच ठेवलेली नाही. त्या दिवशी मला ती अट कडक वाटली नाही. एकटा असतो तर मी पहिल्या ओळीलाच थांबलो असतो.

पाराशाच्या शेवटी सीसीथची आज्ञा येते, जी आपण रोज शेमाच्या तिसऱ्या भागात म्हणतो. तिथे हृदयाच्या आणि डोळ्यांच्या मागे भटकू नका या अर्थी जे क्रियापद आहे, तेच हेरांच्या 'बघून येण्या'साठी सुरुवातीला वापरलं आहे. राशी म्हणतात, हृदय आणि डोळे हे शरीराचे हेर आहेत. अंथरुणातल्या त्या सकाळी माझे हेर मला काय रिपोर्ट देत होते, ते आता कळतं. माहिती बरोबर होती. झोप कमी झाली होती, हिब्रू कच्चं होतं. पुढे 'पण' जोडला होता.

पुढच्या आठवड्यात माझे कद्दिशचे 11 महिने संपतात. सोमवारी आणि गुरुवारी मी सकाळी साडेसहालाच जातो. सहसा चौथा किंवा पाचवा शब्द वाट्याला येतो. ते अंकल मागच्या वर्षी मुलीकडे अश्दोदला गेले, कायमचे. त्या गुरुवारी रिलीज संपलेलं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. रविवारी दुपारी फोन करणार आहे.