तलवार, जादू आणि लोकवर्गणी

प्रश्न: तलवारबाजी आणि जादूटोण्याचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम आम्ही तिघा मित्रांनी मराठीत लिहिलाय. नियम ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’वर बेतलेत. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर टाकला की छपाईचे पैसे जमतील ना? की नियमांवरून कोर्टकचेरी होईल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: कोर्टाची धास्ती सोडा. त्या खेळाचा 5.1 हा पायाभूत नियमसंच जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. ठरलेला श्रेयोल्लेख छापा, मग खुशाल विका. मात्र त्या खेळाच्या इतर पुस्तकांतला मजकूर, चित्रं उचलू नका. कोनान या गाजलेल्या तलवारबाज नायकासारख्या पात्राच्या वाटेलाही जाऊ नका.

खरी मेख पैशांत आहे. किकस्टार्टर गिऱ्हाईक आणून देईल या भरवशावर राहू नका. ते आधी तुम्हीच जमवायचं. उद्दिष्ट थोडक्यात हुकलं तरी हाती शून्य. गाठलं, तर 5 टक्के त्यांचे, वर पेमेंटचं शुल्क. शिवाय भारतातून तिथे थेट मोहीम सुरू करता येत नाही. परदेशातल्या एखाद्या भावाच्या नावाने केलीत, तर कर आणि जबाबदारी त्याच्या गळ्यात!

त्यापेक्षा भारतीय मंच किंवा साधी आगाऊ नोंदणी बरी. आधी पीडीएफ विका. छापील प्रतीचा टपालखर्च वेगळा धरा; मोहिमा अनेकदा तिथेच बुडतात. आणि पितळी फासे, नकाशे वगैरे आमिषं पहिल्या खेपेला नकोतच.