मोठा एसी घेण्याआधी डक्ट बघ

अगं, एवढी हैराण नको होऊस. डॅलसमधलं पहिलं घर, तिथला उन्हाळा, बाळाची खोली काही केल्या गार होत नाही, त्यात विजेचं बिल. कुणीही गांगरेल. एसीवाला म्हणाला ना, मोठं मशीन बसवा? थांब जरा. आधी ॲटिकमधले, म्हणजे छतावरच्या पोटमाळ्यातले, डक्ट बघून घे. मशीनची थंड हवा खोल्यांत नेणाऱ्या नळ्या त्या.

टेक्ससमध्ये हे डक्ट बहुतेक ॲटिकमधूनच जातात आणि भर उन्हाळ्यात तिथे 50 अंश सेल्सिअसच्या वर तापतं. सांधे सैल असले की थंड हवा तिथेच गळते. अमेरिकी सरकारचा 'एनर्जी स्टार' कार्यक्रम सांगतो, सर्वसाधारण घरात डक्टमधली 20 ते 30 टक्के हवा अशी वाया जाते. म्हणजे आडात भरपूर आहे गं, पोहराच फुटका! वर गरजेपेक्षा मोठं मशीन घेतलंस तर ते चटकन बंद होतं आणि घर गार, पण दमट राहतं.

खरं सांगू का, मला बिलापेक्षा रिटर्न डक्टची जास्त काळजी वाटते. घरातली हवा मशीनकडे परत नेणारा हा डक्ट फुटका असला, की ॲटिकमधली धूळ ओढून घरभर पसरवतो. सकाळी पुसलेलं टेबल संध्याकाळी पुन्हा धुळकट. मी तर आमच्या बिचाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरलाच शिव्या घालायचे! आणि बघ, मशीनशेजारी गॅसचा वॉटर हीटर असेल, तर हा फुटका डक्ट त्याचा धूर उलटा घरात ओढू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून प्रत्येक मजल्यावर त्याचा अलार्म हवाच. हे आजच कर.

बाकीचं सावकाश. भल्या सकाळी, ऊन चढायच्या आत, एसीचा पंखा चालू ठेवून ॲटिकमध्ये जा. पाय फक्त लाकडी तुळयांवर ठेव, नाहीतर छत फोडून खाली येशील. गळती शोधायला उदबत्ती घेऊन चढू नकोस हं, टिश्यू पेपरची पट्टी पुरे. सांध्यापाशी ती फडफडली किंवा आत ओढली गेली, की तिथे गळती आहे. हातमोजे घालून ब्रशने मॅस्टिक नावाची लुकण जाडसर लाव. कापडी डक्ट टेप मात्र नको, उष्णतेने त्याचा गोंद वाळून तो सुटतो.

हे जमेल तुला. आणि हात पोचत नाही तिथे सरळ माणूस बोलाव. फक्त काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर त्याला डक्टची गळती मोजायला लाव, दोन्ही आकडे लिहून घे. "झालं मॅडम, आता बघा कसं गार होतं" एवढ्यावर पैसे देऊ नकोस.